साठीकडे झुकलेला कामगार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पावसाळा ओसरला की मोरजीच्या किनाऱ्यावर शॅक उभारायची लगबग सुरू होते, हॉटेलांत माणसांची जमवाजमव होते आणि जिकडेतिकडे एकच अट ऐकू येते : तरुण पोरं हवीत. पन्नाशी ओलांडलेला आचारी, माळी, खोल्या आवरणारी बाई मागे पडते. ही अट गोव्याला परवडणारी नाही. 2011 च्या जनगणनेत साठी गाठलेल्यांचं प्रमाण देशात 8.6 टक्के होतं, गोव्यात 11.2. केरळनंतर गोव्याचाच क्रमांक.

सगळ्यांत घट्ट बसलेला गैरसमज म्हणजे वय वाढलं की काम ढासळतं. जर्मनीत वोर्थ इथल्या मर्सिडीजच्या ट्रक कारखान्यात संशोधकांनी जुळणी करणाऱ्या गटांच्या चुकांच्या नोंदी तपासल्या. साठीपर्यंत उत्पादकता घटल्याचं आढळलं नाही. वयस्कांच्या किरकोळ चुका थोड्या जास्त होत्या, महागात पडणाऱ्या चुका मात्र त्यांच्या हातून फारशा होत नव्हत्या.

वयाने काही गोष्टी कमी होतात हे खरं, पण त्यांवर उपाय असतो. चाळिशी लागली की जवळचं वाचणं जड जातं. मंद दिव्याखाली केओटीची, म्हणजे गिऱ्हाइकाच्या ऑर्डरची, चिठ्ठी हात लांब करून वाचणारा आचारी डोळ्यांसमोर आणा. ‘कोळंबी नको’ मधलं ‘नको’ निसटलं, की सगळं खापर त्याच्या वयावर फुटतं. चिठ्ठीवरचं अक्षर मोठं केलं आणि वर चांगला दिवा लावला, तर तोच माणूस बिनचूक काम करतो. खोल्या आवरणाऱ्या बाईची कंबर धरते ती मोठ्या पलंगाच्या गादीचा कोपरा वाकून उचलताना. तेवढं काम दोघींनी मिळून करावं.

बीएमडब्ल्यूने 2007 मध्ये डिंगोलफिंगच्या कारखान्यात हेच केलं. सरासरी वय 47 ठेवून एक तुकडी उभी केली आणि लाकडी जमीन, बसायला खुर्च्या, भिंगं असे सुमारे 70 बारीकसारीक बदल केले. खर्च आला सुमारे 40 हजार युरो. वर्षभरात उत्पादकता 7 टक्क्यांनी वाढली.

वडीलधारे कामावर राहिले तर पोरांना काम मिळणार नाही, ही भीतीही निराधार आहे. बारा देशांच्या आकडेवारीच्या अभ्यासात तसं काही दिसलं नाही.

आता कायद्याचं. 58 वर्षं पूर्ण झाली की पीएफ कापायची गरज नाही, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. त्या वयाला थांबते ती पेन्शन योजनेतली वर्गणी. माणूस कामावर आहे तोवर पीएफ चालूच राहतो आणि मालकाचा पूर्ण वाटा पीएफमध्येच जातो.

आपल्या किनाऱ्यावर सर्वांत नुकसान करणारा समज वेगळाच आहे : जूनमध्ये धंदा बंद झाला, म्हणजे नोकरी तुटली आणि ग्रॅच्युइटीचा प्रश्नच मिटला. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या हंगामी आस्थापनात, जितके दिवस ते चालू होतं त्यांतले 75 टक्के दिवस काम केलं असेल, तर सेवा अखंड मानली जाते. अशी पाच वर्षं भरली की दर हंगामामागे 7 दिवसांचं वेतन ग्रॅच्युइटी म्हणून द्यावं लागतं. वर्षभर काम करणाऱ्याला दर वर्षामागे 15 दिवसांचं.

तेव्हा मालकांनो, यंदा नवी पोरं शोधायला निघण्याआधी जुने हजेरीपट काढा आणि कुणाचे पाच हंगाम भरलेत ते बघा. आणि कामगारांनो, आपल्या हजेरीची नोंद स्वतःजवळही ठेवा.