गिधाडांचा मारेकरी सापडल्यानंतरची वीस वर्षं

नव्वदच्या दशकापर्यंत गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की आभाळात घिरट्या सुरू व्हायच्या आणि बघता बघता नुसता सापळा उरायचा. मग गिधाडं दिसेनाशी झाली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारातलं जेमतेम एक उरलं.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी भरतपूरला ही घसरण नोंदवली. माना टाकून बसलेली गिधाडं फांदीवरून कोसळून मरत होती. संशय आधी कीटकनाशकांवर गेला, मग विषाणूवर. उत्तर मिळालं ते पाकिस्तानातल्या पंजाबात, शवविच्छेदनाच्या टेबलावर. मेलेल्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि आतल्या अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा युरिक आम्लाचा पांढरा थर बसला होता. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी २००४ साली 'नेचर'मध्ये कारण मांडलं: डायक्लोफेनॅक. लंगडणाऱ्या बैलाला, कास सुजलेल्या गाईला सर्रास टोचलं जाणारं स्वस्त वेदनाशामक. टोचल्यावर जनावर लगेच दगावलं, तर ते मांसात उरतं. शंभरातल्या एखाद्या मढ्यात असलं तरी प्रजाती संपवायला पुरेसं. एका मढ्यावर गिधाडांचा थवाच्या थवा तुटून पडतो आणि जोडी वर्षाला अंडं घालते एकच.

भारतानं २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. तेव्हा मेलॉक्झिकॅम हा सुरक्षित पर्यायही हाती होता. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचतच राहिल्या. त्या ३ मिलीवर आणायला २०१५ उजाडलं. अॅसेक्लोफेनॅक या दुसऱ्या वेदनाशामकाचं गाईच्या शरीरात डायक्लोफेनॅकच होतं, पण त्यावर आणि गिधाडांना घातक अशा केटोप्रोफेनवर बंदी आली थेट २०२३ मध्ये. शास्त्रज्ञांनी मारेकरी काही वर्षांत शोधला, सरकारी यंत्रणा मात्र एकेका औषधासाठी वर्षानुवर्षं अडून राहिली, हे मला आजही अक्षम्य वाटतं. गुरांचं वेदनाशामक गिधाडांना घातक नाही, हे ते बाजारात येण्याआधीच तपासायला हवं होतं.

दरम्यान हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात गिधाडांची पैदास होत राहिली. तिथली काही २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचच्या जंगलात आणली गेली. पण ती जगणार की नाही, हे जंगलाभोवतीच्या गोठ्यांवर ठरेल. तुमच्या दावणीला जनावर असेल, तर डॉक्टरांकडे मेलॉक्झिकॅमच मागा.