पडद्याअलीकडे (लेखांक ६) : बॅलेत टाळी कधी वाजवावी?

गेल्या लेखांकात सिम्फनीच्या सभागृहातली शिस्त पाहिली. रचना चार भागांची असेल तर चौथा भाग संपेपर्यंत टाळी नाही. मधल्या क्षणभराच्या उसंतीत फार तर खोकून घ्यायचं. ही शिस्त अंगी मुरलेला माणूस पहिल्यांदा बॅलेला गेला की बिचकतो. मुख्य नर्तिका विंगेतून नुसती बाहेर आली, अजून काही केलंही नाही, तोच टाळ्या. तिचा एकटीचा नाच संपला की पुन्हा टाळ्या. ती लवून नमस्कार करते, आत जाते, टाळ्या थांबल्या नाहीत तर परत येते. तेवढा वेळ गोष्ट जागच्या जागी खोळंबलेली असते आणि राजपुत्राचं पुढे काय होणार याची कुणालाच घाई नसते.

यावरून बॅलेचे रसिक आपसात कडाकडा भांडतात. एका पक्षाला ही गावठी सवय वाटते, दुसऱ्याला हाच खरा बॅलेचा आनंद वाटतो. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, आणि त्याचं कारण रचनेतच आहे. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात मारियुस पेतिपा याने सेंट पीटर्सबर्गमध्ये युगुलनृत्याचा साचा पक्का केला. आधी दोघांचा प्रवेश आणि संथ नृत्य, मग त्याचं एकट्याचं, मग तिचं एकटीचं, आणि शेवटी दोघांचं वेगवान 'कोडा'. या प्रत्येक तुकड्याला स्वच्छ शेवट आहे, आणि प्रत्येक शेवटानंतर नमस्काराला जागा आहे. पुरुषाचा एकट्याचा नाच मिनिटा-दीड मिनिटाचा असतो, पण त्या उड्यांनंतर छाती भात्यासारखी चालते. टाळ्या म्हणजे त्याला मिळणारी दम खायची सवड. कंडक्टर काठी खाली करून थांबलेला असतो. अशा ठिकाणी प्रेक्षक सुसंस्कृतपणे गप्प बसले तर ते नर्तकावर उपकार करत नाहीत.

भांडण खरं पेटतं ते 'स्वान लेक'मधल्या बत्तीस गिरक्यांवर. काळ्या हंसिणीच्या भूमिकेतली नर्तिका एका पायाच्या चवड्याच्या टोकावर उभी राहते आणि दुसरा पाय चाबकासारखा फिरवत जागच्या जागी सलग गिरक्या घेते. त्यांना फुएते म्हणतात. पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तिकेने १८९५च्या पीटर्सबर्गमधल्या प्रयोगात त्या या भूमिकेत आणल्या. त्याआधी १८९३ साली 'सिंड्रेला'त तिने हाच पराक्रम करून शहर वेडं केलं होतं. रशियन नर्तिका तिचं गुपित शोधत राहिल्या. नजर समोरच्या एका बिंदूवर खिळवायची, धड फिरलं तरी डोकं मागे ठेवायचं आणि शेवटच्या क्षणी झटक्यात वळवायचं, म्हणजे घेरी येत नाही.

आज दहाव्या-बाराव्या गिरकीलाच टाळ्या सुरू होतात. त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती तालावर टाळ्या वाजवण्याला. सभागृहाचा ताल हमखास घाईत असतो, नर्तिकेचा ताल तिच्या पायाच्या पोटरीवर अवलंबून असतो, आणि या दोहोंच्या मध्ये ऑर्केस्ट्रा तिला ऐकू येईनासा होतो. शिवाय शेजारी बसून कुजबुजत गिरक्या मोजणारे असतातच. एकोणतिसाव्याला ती थांबली तर यांच्या चेहऱ्यावर दुकानदाराने वजनात मारल्याचा भाव येतो.

पण साचा पेतिपाचा नसेल तिथे टाळीचा हिशेबही बदलतो. केनेथ मॅकमिलनच्या १९६५च्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये एक प्रसंग आहे. ज्युलिएट पलंगाच्या कडेवर नुसती बसलेली असते. हात नाही, पाय नाही, काही हलत नाही, आणि पिटमधून प्रोकोफिएवचं संगीत उसळत असतं. 'जिझेल'च्या पहिल्या अंकाच्या शेवटी फसवली गेलेली खेड्यातली मुलगी वेडी होऊन मरते. तिथेही पडदा पूर्ण खाली येईपर्यंत टाळी वाजवणारा मला तरी चुकलेला वाटतो. 'ला बायादेर'मधला छायांचा प्रवेश या दोन टोकांच्या मधला. पांढऱ्या वेशातल्या नर्तिका एकामागोमाग एक उतारावरून येतात, प्रत्येक जण तीच एक हालचाल करत पुढे सरकते, आणि हळूहळू सगळा रंगमंच भरतो. शेवटची नर्तिका खाली येऊन ओळी स्थिरावल्या की टाळ्या पडाव्यात. त्याआधी टाळी वाजवली तर ती रांग मोडल्यासारखी वाटते. जाता जाता : १८७७चा हा बॅले एका भारतीय देवदासीची गोष्ट सांगतो. पेतिपाने भारत कधी पाहिला नव्हता, आणि ते कळतंच.

हे सगळे संकेत सभ्यतेतून आले असं समजू नये. १८३०च्या दशकात पॅरिस ऑपेरात टाळ्या चक्क पगारी होत्या. लुई व्हेराँ या संचालकाच्या काळात ऑग्यूस्त लव्हास्यर नावाचा माणूस टाळीपथकाचा नायक होता. तो तालमींना हजर राहायचा, कोणत्या जागी किती जोराने टाळ्या द्यायच्या याची संचालकाशी चर्चा करायचा आणि प्रयोगाच्या दिवशी प्रेक्षकांत जागोजाग आपली माणसं पेरायचा. त्याला फुकट तिकिटं मिळत. ती विकून, आणि कलावंतांकडूनही पैसे घेऊन, त्याचं उत्तम चाले. मॉस्कोच्या बोल्शोयमध्ये ही जात आजच्या काळापर्यंत टिकली, हे तिथल्या कुणाही नेहमीच्या प्रेक्षकाला ठाऊक असतं.

त्याच पॅरिसमध्ये जॉकी क्लबचे श्रीमंत सभासद होते. ते सावकाश जेवून दुसऱ्या अंकाला येत, म्हणून बॅलेही दुसऱ्या अंकातच असला पाहिजे हा त्यांचा दंडक. १८६१च्या मार्चमध्ये व्हाग्नरने 'टानहॉयझर' या ऑपेरातला बॅले पहिल्या अंकात ठेवला. सभासदांनी शिट्ट्या आणि आरडाओरडा करून प्रयोग हाणून पाडले. तिसऱ्या प्रयोगानंतर व्हाग्नरने रचना मागे घेतली. आता उशिरा येणाऱ्याला मध्यंतरापर्यंत बाहेर थांबवतात तेव्हा काहींना ते उर्मट वाटतं. मला त्या वेळी जॉकी क्लब आठवतो आणि दरवाजावरच्या माणसाचं कौतुक वाटतं.

या सभासदांना बॅले हवा असे तो पायांसाठी, आणि इथून आपण वेशभूषेकडे येतो. १२ मार्च १८३२ रोजी 'ला सिल्फीद'मध्ये मारी ताल्योनी पांढऱ्या मलमलीच्या घंटेसारख्या घागऱ्यात आली. तो पोटरीपर्यंत होता. गॅसच्या मंद दिव्यात ते पातळ कापड धुक्यासारखं दिसे. पुढे अर्धशतक बॅलेचा रंग पांढरा झाला तो इथून. शतकाच्या अखेरीस इटालियन नर्तिकांचं पायांचं काम इतकं बारीक झालं की ते दिसावं म्हणून घागरा वर चढत गेला आणि शेवटी कमरेभोवती आडवा पसरलेला टुटू उरला.

मलमल आणि गॅसचे उघडे दिवे हे एकत्र नांदणारे नव्हते. एमा लिव्हरी ही ताल्योनीची लाडकी शिष्या. ताल्योनीने आयुष्यात एकच मोठा बॅले रचला, 'फुलपाखरू', १८६० साली, ऑफनबाखच्या संगीतावर, आणि तो हिच्यासाठी. त्यातली नायिका फुलपाखरू होते आणि मशालीकडे ओढली जाऊन तिचे पंख जळतात. त्या सुमारास ऑपेरात कापड क्षारांच्या द्रावणात बुडवून अग्निरोधक करायची सक्ती आली होती. पण तसं कापड ताठ आणि मळकट दिसे. एमाने ते नाकारलं आणि आपल्या जबाबदारीवर साधा घागरा वापरते असं लिहून दिलं. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी दुसऱ्याच एका रचनेच्या तालमीत तिच्या घागऱ्याने पेट घेतला. ती वीस वर्षांची होती. आठ महिने भाजलेल्या जखमा सोसून १८६३च्या जुलैमध्ये ती गेली. त्या वेशाचे जळके अवशेष पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात जपून ठेवले आहेत. टुटू 'जरा मळका दिसतोय' अशी तक्रार मध्यंतरात ऐकली की मी गप्प बसतो.

पुरुषांच्या वेशावरून गदारोळ झाला तो १९११ साली. व्हास्लाव्ह निजिन्स्की पीटर्सबर्गच्या शाही रंगमंचावर 'जिझेल'मध्ये आखूड अंगरख्यात आला आणि घट्ट विजारीवर घालायची नेहमीची चड्डी त्याने घातली नव्हती. राजमाता प्रेक्षकांत होती. त्याला नोकरीवरून काढलं. द्यागिलेव्हच्या फिरत्या कंपनीला तो कायमचा मिळाला तो असा, आणि दोन वर्षांनी पॅरिसमध्ये त्याच्याच 'राइट ऑफ स्प्रिंग'च्या पहिल्या प्रयोगाला प्रेक्षकांनी इतका गोंगाट केला की विंगेत खुर्चीवर उभं राहून त्याला नर्तकांसाठी मात्रा ओरडाव्या लागल्या.

वेशभूषेबद्दल जाणकार बोलतात ते सौंदर्यापेक्षा कामाबद्दल. तारेच्या कड्यावर ताणलेला टुटू ताटासारखा सपाट राहतो, पण एकीचा काठ दुसरीला लागला की दुसऱ्या बाजूने उचलतो, आणि सगळी ओळ डुचमळते. वेशभूषाकार वारवारा कारिन्स्काने १९५० साली न्यूयॉर्कमध्ये बालान्चिनच्या 'सिम्फनी इन सी'साठी तार काढून टाकली. मऊ थर एकमेकांना हलके टाचले, आणि घोळक्याने नाचणाऱ्या मुली खेटून उभ्या राहू शकल्या. वरच्या बाल्कनीतून हा फरक नीट दिसतो. म्हणून ओळींची रचना आवडणारे जाणते लोक महागड्या पुढच्या रांगा सोडून मुद्दाम वर बसतात.

अजिंठाही या वेशांत एकदा येऊन गेला. आना पाव्हलोव्हा १९२२-२३च्या पूर्वेकडच्या दौऱ्यात मुंबईला आणि कलकत्त्याला नाचून गेली. परतल्यावर १९२३ साली लंडनच्या कव्हेंट गार्डनमध्ये तिने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर एक बॅले केला. त्याच हंगामात ती राधा झाली, आणि कृष्ण होता लंडनमध्ये चित्रकला शिकायला गेलेला एक तरुण, उदयशंकर.

रशियाइतकं प्रेक्षकपण दुसरीकडे कुठे शिकवलं गेलं नसेल. ताल्योनीने पीटर्सबर्ग सोडलं तेव्हा तिथल्या चाहत्यांनी तिचे बूट विकत घेऊन, शिजवून, रश्शासकट खाल्ले अशी आख्यायिका आहे. क्शेसिन्स्का आणि प्रेओब्राझेन्स्का या नर्तिकांच्या चाहत्यांच्या फळ्याच होत्या. प्रतिस्पर्धी नाचत असताना क्शेसिन्स्काने रंगमंचावर जिवंत कोंबड्या सोडल्याचा किस्सा अजून चवीने सांगतात. नर्तिका नाच पुरा करून गेली, असा त्याचा शेवट.

आजच्या रशियन चालीरीती मात्र शहाण्यासारख्या आहेत. जाड कोट आत नेता येत नाही, तो खाली ठेवणावळीत द्यायचा. तिथेच दुर्बीण भाड्याने घ्यावी. ज्यांच्या हातात दुर्बीण असते त्यांना परतताना रांगेशिवाय कोट मिळण्याची जुनी पद्धत आहे, त्यामुळे पहिल्या रांगेत बसणारेही दुर्बीण घेतात. हिवाळ्यात बायका पिशवीत चांगले बूट आणतात आणि बर्फाचे बूट बदलतात. रांगेतून आपल्या जागेकडे जाताना बसलेल्यांकडे तोंड करून जायचं, पाठ करून नाही. फुलं द्यायची तर विषम संख्येत. सम संख्या अंत्ययात्रेसाठी. आणि प्रयोगाआधी तीन घंटा होतात. तिसऱ्या घंटेचा दरारा मराठी नाट्यगृहात वाढलेल्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

वन्समोअरही आपल्याला नवा नाही. शाही रशियात चाहत्यांनी मागितल्यावर नर्तिका आख्खा नाच पुन्हा करत असे, संगीत नाटकातल्या पदासारखाच. बॅलेतून तो जवळपास गेला, आणि बरं झालं. गळा दुसऱ्यांदा तापतो. गुडघ्याचं तसं नसतं.

लंडनमध्ये तंटा असतो तो पुढे झुकण्याचा. वरच्या बाल्कनीत एक जण कठड्याकडे वाकला की मागच्याला अर्धा रंगमंच दिसत नाही, म्हणून तोही वाकतो, आणि त्याच्या मागचाही. पाठ खुर्चीला टेकून बसायची ही सूचना म्हणून तिथे पुन्हा पुन्हा दिली जाते. कपड्यांचं मात्र आता कुणी फारसं मनावर घेत नाही. जीन्सवर गेलात तरी चालतं. चकाकणारा फोन चालत नाही.

राहता राहिला प्रयोगाचा शेवट. बॅलेतला नमस्कार उत्स्फूर्त नसतो. तो वर्गात शिकवला जातो, तालमीत बसवला जातो, आणि चांगली नर्तिका नमस्कारातही हंसिणीची मान सोडत नाही. तिला गुच्छ मिळाला की त्यातलं एक फूल काढून ती जोडीदाराला देते. १९६४ साली व्हिएन्नात मार्गो फॉन्टेन आणि रुडॉल्फ नुरेयेव्ह यांना 'स्वान लेक'नंतर एकोणनव्वद वेळा पडद्यासमोर यावं लागलं. तो आकडा गिनेसच्या पुस्तकात आहे.

तरीही पहिल्या नमस्कारालाच काही जण शेवटच्या गाडीसाठी उठतात आणि रांगभर गुडघे घासत निघतात. पॅरिसमध्ये हे महागात पडू शकतं. तिथे नर्तकाला 'एत्वाल' हा सर्वोच्च दर्जा प्रयोग संपल्यावर रंगमंचावरच जाहीर होतो. टाळ्या चालू असतानाच संचालक हातात ध्वनिक्षेपक घेऊन बाहेर येतात, आणि नाव उच्चारलं जाईपर्यंत मेट्रोवाले जिन्यावर पोहोचलेले असतात.

(पुढील लेखांकात ऑपेरा : शिट्टी कुठे शाबासकी असते आणि कुठे शिवी.)