बोलीनाट्यातील नटनिवड : वाचणारा नट आणि बोलणारा नट

एखाद्या लहान नाट्यसंस्थेने प्रादेशिक बोलीतील नाटक हाती घ्यावे आणि त्यासाठी व्यवसायी नटांची निवड करावी, असे ठरले म्हणजे पुढचा क्रम बहुधा एकच असतो. टेबलामागे दिग्दर्शक, निर्माता व नाटककार बसतात. नटाच्या हाती संहितेचे एक पान दिले जाते. पाचसात मिनिटे तो वाचतो, आणि त्यावरून त्याची योग्यता ठरते. रंगभूमीच्या व्यवहारात ‘ऑडिशन’ या नावाने रूढ असलेल्या या चाचणीत नेमके काय मोजले जाते, हा प्रश्न भाषाभ्यासकाच्या दृष्टीने साधा नाही.

जुन्या नाटक मंडळ्यांना ही चाचणी इतकी निर्णायक वाटण्याचे कारण नव्हते. 1905 साली नारायणराव राजहंस किर्लोस्कर मंडळीत आले, तेव्हा त्यांच्या गळ्याची पारख झाली होती हे खरे. पण मंडळीत आलेला मुलगा मंडळीतच राहत असे, तेथेच जेवत असे, आणि त्याची वाणी रोजच्या तालमींतून घडत असे. आज लहान संस्थेचा व्यवसायी नट ‘नाइट’वर, म्हणजे दर प्रयोगाच्या ठरलेल्या रकमेवर येतो. तालमीचे दिवस मोजकेच मिळतात. म्हणून पूर्वी काही वर्षांत जे उमगत असे, ते पाचसात मिनिटांत ओळखण्याची जबाबदारी चाचणीवर येऊन पडली आहे.

वाचन हे बोलण्याचे प्रातिनिधिक रूप आहे, असे या पद्धतीत गृहीत धरलेले असते. सामाजिक भाषाविज्ञानाने हे गृहीत फार पूर्वीच बाजूस सारले आहे. विल्यम लेबॉव्ह यांनी न्यूयॉर्क शहराच्या भाषेचा जो अभ्यास 1966 साली प्रसिद्ध केला, त्यात एकच माणूस सहज बोलताना, उतारा वाचताना आणि सुटे शब्द वाचताना वेगवेगळे उच्चार करतो, आणि लक्ष जितके उच्चाराकडे वळते तितकी प्रतिष्ठित रूपे वाढतात, असे दाखवून दिले होते. मराठी नटाच्या बाबतीत याचा परिणाम विपरीत होतो. ज्याची घरची भाषाच बोली आहे, त्याने वाचनाचे संस्कार शाळेत, प्रमाण मराठीत घेतलेले असतात. हाती कागद येताच तो शाळेतल्यासारखा वाचू लागतो. उलट प्रमाण मराठीत वाढलेला, वाचनात तरबेज नट कागदावरची बोली अक्षरशः उच्चारून मोकळा होतो. परीक्षक दुसऱ्याला निवडतात, आणि पहिल्याच्या बोलीत ‘अस्सलपणा नाही’ असा शेरा पडतो!

लिपीची मर्यादा यात भर घालते. ‘चार’ आणि ‘चारा’ या शब्दांतील च वेगळे आहेत, हे देवनागरी सांगत नाही. वाचणाऱ्यास ते आधीच ठाऊक असावे लागते. प्रमाण भाषेत ही उणीव जाणवत नाही. बोलीत पदोपदी जाणवते. स्वरांच्या चढउताराचे तर लेखनात चिन्हच नाही. भरताने नाट्यशास्त्रात वाचिक अभिनयाचा विचार करताना काकूला स्वतंत्र स्थान दिले, तिचे साकांक्ष व निराकांक्ष असे भेद केले, ते याच जाणिवेने. वाक्याचा अर्थ पुरा झाला की अजून काही अपेक्षित आहे, हे स्वर सांगतो. बोलीची खूण पुष्कळदा शब्दांत नसून या काकूत असते.

पूर्व विदर्भाचे उदाहरण या संदर्भात विशेष बोलके आहे. दिवाळीनंतरच्या हंगामात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया व भंडारा या जिल्ह्यांतील गावोगाव झाडीपट्टी रंगभूमीची नाटके रात्रभर चालतात, आणि वडसा हे तेथील नाट्यमंडळ्यांचे केंद्र आहे. या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री देण्यात आली. अशा प्रदेशात झाडीबोलीतील भूमिकेसाठी विदर्भाबाहेरचा नट घेतला, की तो बहुधा ‘वैदर्भी’ म्हणून ठाऊक असलेली वऱ्हाडी उच्चारपद्धती वापरतो. वऱ्हाडीत ळ चा य होतो; ‘डोळा’ तेथे ‘डोया’ असतो. झाडीबोलीत ळ च्या जागी र येतो, आणि तोच शब्द ‘डोरा’ होतो. मुंबईच्या परीक्षकाला दोन्ही सारखेच ग्रामीण वाटतील. झाडीतला प्रेक्षक मात्र एका अक्षरावरून नट परका ठरवील, आणि प्रसंग करुण असेल तर तेथे हशा पिकेल.

तरीही ध्वनीची चूक सुधारता येते. व्याकरणाची चूक खोलवर जाते. मालवणीत ‘रामा इलो’ म्हणजे रामा आला. प्रमाण मराठीत ‘-लो’ हा प्रत्यय प्रथमपुरुषाचा. ‘गेलो’ म्हटले की बोलणारा स्वतःविषयी बोलतो. हा संस्कार मनात पक्का असलेला नट ‘तो गेलो’ हे वाक्य पाठ करतो, पण त्याचा आघात नकळत ‘तो’ या शब्दावर पडतो, कारण क्रियापद त्याला कर्ता सांगत नाही, सर्वनाम सांगते. वाक्य शुद्ध असूनही ऐकणाऱ्यास ते ओढाताणीचे वाटते. हा दोष परीक्षकाला ऐकू येतो, पण नाव देता येत नाही म्हणून तो ‘अभिनय कृत्रिम’ असे म्हणतो.

यावर उपाय शोधताना ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाकडे पाहणे उद्बोधक ठरते. मराठीचा खंड 1905 साली निघाला. प्रत्येक बोलीसाठी उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचे भाषांतर मागविले गेले, म्हणजे सर्वांची तुलना एकाच मजकुरावर करता यावी. पण भाषांतरित बोली ओढून आणलेली असते हे जाणून त्याबरोबर स्थानिक कथा किंवा कथनाचा स्वतंत्र नमुना आणि शब्दवाक्यांची यादीही मागविण्यात आली. नटचाचणीलाही असेच तीन नमुने हवेत. सर्वांना समान उतारा द्यावा, पण तो हाती न देता ऐकवून म्हणवून घ्यावा. मग नटाला एखादी घडलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगावयास लावावी. आठ-दहा वाक्यांनंतर त्याचे उच्चारावरील लक्ष सुटते, आणि खरी बोली तेथून पुढे सुरू होते. शेवटी त्याची एखादी चूक दाखवून तेच वाक्य पुन्हा मागावे. या तिसऱ्या भागाचे महत्त्व सर्वांत अधिक आहे, कारण संस्थेला नटाची आजची बोली विकत घ्यावयाची नसते. मोजक्या तालमींत ती कोठवर येईल, हे जाणावयाचे असते. एकदा सांगताच ‘डोया’चा ‘डोरा’ करणारा, पण पुढच्याच वाक्यात ‘सकायी’ म्हणणारा नट शब्द उचलतो, नियम उचलत नाही. त्याला प्रत्येक शब्द वेगळा शिकवावा लागेल.

परीक्षकमंडळातील एक जण तरी त्या बोलीचा असावा, आणि त्याने नटाकडे पाठ करून बसावे. चेहऱ्याचा अभिनय उत्तम असला की कान पुष्कळ क्षमा करतो. त्याला गुण देण्यास सांगू नये. ‘हा माणूस कुठला?’ एवढेच विचारावे.

चाचणी चोख झाली तरी एक जुनी सवय तिला आतून वाकविते. संस्कृत नाटकात पात्राच्या दर्जानुसार भाषा वाटून दिलेल्या असत. मराठी रंगभूमीने ती वाटणी वेगळ्या रूपाने चालू ठेवली, आणि बोली बोलणारे पात्र म्हणजे गडी, गावंढळ किंवा हसविणारा, हे ठरून गेले. त्यामुळे बोलीभाषक नट चाचणीस आला की त्याच्या हाती विनोदी प्रवेशच दिला जातो, आणि नायकाच्या बापाचा, विधवेचा, सावकाराचा प्रवेश त्याच्याकडून कोणी ऐकतच नाही. त्याच्या निवडीच्या नोंदीत पुढे ‘विनोदी भूमिकांस योग्य’ असे लिहिलेले सापडते.