पाठीवरचं बिऱ्हाड

गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी पुस्तकांची नोंद ठेवणारा एक छोटा प्रोग्रॅम आम्ही काही मित्र मिळून लिहितो. तो ज्या संगणकांवर चालायचा, ते सगळे लिनक्सचे; पण एकासारखा दुसरा नाही. कुठे लिनक्स मिंट, कुठे फेडोरा, कुठे कुणा कार्यकर्त्याने हौसेने बसवून दिलेला डेबियन, तर कुठे सी-डॅकचा बॉस. बऱ्याच ठिकाणी इंटरनेट नावापुरतं. प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून पोचतो. ग्रंथपालांनी फाइलवर डबल क्लिक केलं की तो उघडला पाहिजे आणि त्यात मराठी उमटलं पाहिजे. ती फाइल बांधायचं काम माझ्याकडे आहे.

लिनक्सची जुनी रीत वेगळी. डेबियनच्या घराण्यात डेब पॅकेज, फेडोराच्या घराण्यात आरपीएम. प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ऱ्या डिस्ट्रोने, म्हणजे लिनक्सच्या त्या त्या वितरणाने, आधीच बसवलेल्या असतात आणि सगळे प्रोग्रॅम त्या वाटून वापरतात. जागा वाचते, दुरुस्ती एकाच ठिकाणी होते. पण प्रत्येक डिस्ट्रोत त्या लायब्ऱ्यांच्या आवृत्त्या निराळ्या, त्यामुळे छोट्या प्रोग्रॅमच्या लेखकाला प्रत्येक घरासाठी वेगळं पॅकेज बांधावं लागतं. २०१४ साली पोर्टलंडच्या डेबकॉन्फमध्ये खुद्द लिनस टोरवाल्ड्स यांनी हीच तक्रार मांडली होती. पाण्याखाली सूर मारणाऱ्या डायव्हरांसाठी लिहिलेल्या सबसरफेस या त्यांच्या प्रोग्रॅमची विंडोज आणि मॅकची बांधणी सहज होत होती, लिनक्सचीच होत नव्हती. पुढे सबसरफेस अ‍ॅपइमेजच्या रूपात मिळू लागला. आम्हीही तोच मार्ग धरला.

अ‍ॅपइमेज हे सायमन पीटर यांचं काम. मूळ २००४ च्या 'क्लिक' या प्रकल्पात. एक प्रोग्रॅम म्हणजे एक फाइल, बसवणं नाही की काढणं नाही, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. या फाइलचे दोन भाग असतात. पुढे एक लहानसा चालता प्रोग्रॅम, म्हणजे रनटाइम, आणि त्याला मागून चिकटवलेली स्क्वॉशएफएसची दाबून बसवलेली फाइलव्यवस्था. फाइल चालवली की रनटाइम स्वतःच्याच शेपटातली ती फाइलव्यवस्था फ्यूजच्या मदतीने /टेम्पमध्ये माउंट करतो, आतली 'अ‍ॅपरन' ही फाइल सुरू करतो आणि प्रोग्रॅम बंद झाला की सगळं उतरवून ठेवतो. सगळा ऐवज आधी डिस्कवर सोडवून ठेवावा लागत नाही. जो तुकडा वाचायचा तेवढाच उलगडतो. त्यामुळे जुन्या संगणकावरही ती फाइल फार रेंगाळत नाही.

रचना अशी सोपी आहे. खरं काम आत काय भरायचं आणि काय बाहेर ठेवायचं हे ठरवण्यात असतं, आणि माझा जास्त वेळ बाहेर काय ठेवायचं यावरच जातो.

पहिली बाहेर राहते ती जीलिबसी, सगळ्या प्रोग्रॅमांच्या तळाशी असलेली सी भाषेची लायब्ररी. प्रोग्रॅमच्या फाइलीत, त्याला लायब्ऱ्या जोडून देणाऱ्या लोडरचा पूर्ण पत्ता कोरलेला असतो आणि कर्नल त्याच पत्त्यावर जातो. लोडर संगणकाचा आणि जीलिबसी आपली, असा संसार चालत नाही. दोघं एकाच आवृत्तीचे लागतात. म्हणून जीलिबसी समोरच्या संगणकाची वापरायची. ती जुन्या प्रोग्रॅमांना सांभाळून घेते, नव्यांना नाही. २०२१ च्या २.३४ आवृत्तीत तर 'मेन'च्या आधी चालणाऱ्या, प्रत्येक प्रोग्रॅमला लागणाऱ्या फंक्शनलाच नवी आवृत्तीची खूण लागली. उबंटू २२.०४ वर बांधलेला, काहीही न करणारा रिकामा प्रोग्रॅमसुद्धा २०.०४ वर उघडत नाही. टर्मिनलवर एका ओळीत उत्तर येतं की २.३४ सापडली नाही. डबल क्लिक करणाऱ्याला तेवढंही दिसत नाही.

यावर आमचा उपाय साधा आहे. बांधणी नेहमी जुन्या पायावर करायची. माझा लॅपटॉप नवा असला तरी बांधणी होते डेबियन ११ च्या कंटेनरमध्ये, जिथे जीलिबसी २.३१ आहे. बांधून झालं की ऑब्जडंपने प्रत्येक फाइल कोणती आवृत्ती मागते ते तपासतो, एकीनेही २.३१ च्या पुढचं काही मागितलं तर बांधणी बाद. डेबियन ११ ची दीर्घकालीन देखभाल ऑगस्ट २०२६ पर्यंतची. पाया हलवला की काही ग्रंथालयांचे संगणक मागे राहणार, न हलवावा तर पायालाच सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत. हा निर्णय आकड्यांवरून होत नाही. त्या त्या गावी फोन करूनच तो घ्यावा लागतो.

दुसरा बाहेरचा पाहुणा ग्राफिक्सचा. ड्रायव्हर त्या संगणकातल्या कार्डाचा असतो आणि तो चालत्या प्रोग्रॅमच्या पोटात येऊन बसतो. त्याला सी प्लस प्लसची नवी लायब्ररी लागते. आपण जुनी भरून ठेवली असेल तर त्याला आधी आपली सापडते आणि तो उघडत नाही. म्हणूनच ओपनजीएलच्या लायब्ऱ्या भरायच्या नाहीत आणि सी प्लस प्लसचीही नाही. अशा न भरायच्या लायब्ऱ्यांची यादी अ‍ॅपइमेजच्या मंडळींनी अनुभवातून बनवली आहे आणि ती ओळीओळीने वाचण्यासारखी आहे.

आता भरायचं काय? एलडीडी हा आदेश प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ऱ्यांची यादी देतो, पण ती अपुरी. आमचा प्रोग्रॅम क्यूट या टूलकिटवर लिहिलेला आहे आणि क्यूट आपली प्लगइनं चालता चालता उघडतं. ती या यादीत येत नाहीत. त्यांतलं एक प्लगइन आयबसशी, म्हणजे मराठी टाइप करू देणाऱ्या व्यवस्थेशी, बोलणारं. ते राहिलं तर प्रोग्रॅम छान उघडतो, इंग्रजी टाइप होतं, फक्त मराठी उमटत नाही. इंग्रजीत काम करणाऱ्या कुणाच्याही तपासणीत हे सापडणार नाही. म्हणून मी एसट्रेस लावून प्रोग्रॅम कोणती फाइल कुठून उघडतो ते बघतो आणि मग नोंदीच्या चौकटीत एक मराठी वाक्य टाइप करतो. देवनागरी फॉन्टही आतच भरतो: मुंबईच्या एक टाइपचा, खुल्या परवान्याचा मुक्ता. नाहीतर ज्या संगणकावर देवनागरी फॉन्टच नाही, तिथे पुस्तकांच्या नावांऐवजी चौकोन दिसतात.

सगळ्यात जड वस्तू म्हणजे आयसीयू, भाषांचे नियम सांगणारी लायब्ररी. तिची नुसती डेटाफाइलच पंचवीस-तीस एमबीची. आकार कमी करायला बसलेल्या माणसाची नजर पहिल्यांदा तिच्यावरच जाते. पण आमच्या ग्रंथपालांना यादी शाळेतल्या वर्णमालेच्या क्रमाने हवी असते: ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ. युनिकोडच्या नुसत्या क्रमांकांनी लावलं तर ळ येतो ल आणि व यांच्या मध्ये, आणि 'ज्ञानेश्वरी' जाऊन बसते ज मध्ये. आयसीयू नसेल तर क्यूट संगणकाच्या लोकॅलवर, म्हणजे त्याच्या भाषेच्या सेटिंगवर, विसंबतं, आणि ते प्रत्येक गावी वेगळं. एकाच यादीचा क्रम दोन ग्रंथालयांत दोन प्रकारे लागणं मला मान्य नाही. आयसीयू आत राहते.

फ्लॅटपॅक आणि स्नॅप हे दोन मार्गही चांगले आहेत. फ्लॅटपॅक प्रोग्रॅमला कुंपणात ठेवतं, आणि बऱ्याच प्रोग्रॅमांना मिळून एकच रनटाइम, इथे म्हणजे लायब्ऱ्यांचा सामायिक संच, पुरतो. इंटरनेट असलेल्या घरी मी तेच सुचवतो. पण तो रनटाइम आधी उतरवावा लागतो, आणि आमची अडचण तिथेच आहे.

बिऱ्हाड पाठीवर घेतलं की त्यातल्या प्रत्येक भांड्याची काळजीही आपलीच. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रं वाचणाऱ्या लायब्ररीत गंभीर भोक सापडलं. डिस्ट्रोंनी एक पॅकेज दुरुस्त केलं आणि ते वाटून वापरणारे प्रोग्रॅम सुरक्षित झाले. ज्यांनी ती लायब्ररी स्वतःच्या पोटात भरली होती, त्या प्रत्येकाला नवी बांधणी करावी लागली. आमच्या फाइलीतही ती होती, क्यूटच्या चित्रांच्या प्लगइनातून आलेली. मुखपृष्ठांसाठी आम्हाला जेपेग आणि पीएनजी पुरतात, तेव्हा ते प्लगइन कायमचं काढून टाकलं. आता प्रत्येक बांधणीबरोबर आतल्या लायब्ऱ्यांची आवृत्त्यांसह यादी तयार होते आणि डेबियनच्या सुरक्षा सूचना आल्या की मी ती काढून ताडून बघतो. नाव जुळलं की नवी फाइल बांधायची आणि पुन्हा पेनड्राइव्ह रवाना करायचे.