कुशाग्र बुद्धीचे मूल आणि त्याचे घर



एखाद्या घरात असाधारण बुद्धीचे मूल जन्मास आले, म्हणजे घरची माणसे प्रायः दोहोंपैकी एक गोष्ट करतात. कोणी त्यास आल्यागेल्या पाहुण्यांपुढे उभे करून पाढे आणि श्लोक म्हणावयास लावतात. कोणी 'देवाने दिले आहे, ते आपले आपण वाढेल' असे म्हणून स्वस्थ बसतात. या दोन्ही रीतींनी मुलाचे नुकसान होते असे माझे मत आहे, आणि ते कसे, हेच आज सांगावयाचे आहे.

हा विषय मी विशेषेकरून गगनबावड्याकडील श्रोत्यांपुढे ठेवीत आहे. कोल्हापुराच्या पश्चिमेस सुमारे पंचावन्न किलोमीटरांवर, करूळ आणि भुईबावडा या दोन घाटांच्या माथ्यावर वसलेला हा मुलूख. पावसाळ्यात मांडुकलीजवळ कुंभीचे पाणी रस्त्यावर चढले, की कोल्हापूरकडील वाहतूक थांबते. डोंगरातल्या वाड्यांवरची शाळा लहान, शिक्षक थोडे आणि एकेका शिक्षकाकडे अनेक इयत्ता. अशा ठिकाणी एखादे मूल वर्गाच्या फार पुढे असले, तर त्याच्याकडे निराळे लक्ष पुरविणे शिक्षकास मनात असूनही साधत नाही. मग उरते ते घर.

परंतु घरच्यांनी तरी असे मूल ओळखावे कसे? परीक्षेतील पहिला नंबर ही त्याची खूण खरी, पण एकमेव नव्हे. पुष्कळदा असे मूल शाळेच्या वहीत हयगय करते, कारण जे एकदा समजले ते दहा वेळा लिहिण्याचा त्यास कंटाळा येतो. ते प्रश्न फार विचारते, आणि 'मोठा झालास म्हणजे कळेल' या उत्तराने त्याचे समाधान होत नाही. शिवाय त्याची वाढ सर्व अंगांनी सारखी होत नसते. नऊ वर्षांचे मूल बोलण्यात चौदा वर्षांचे वाटते, आणि हरल्यावर मात्र सहा वर्षांच्या मुलासारखे रडते. 'एवढा हुशार आणि रडतोस काय?' असे आपण म्हणतो; वस्तुतः त्याची बुद्धी पुढे गेली असली तरी मन वयाबरोबरच चालत असते. चाचण्यांवरही सर्वस्वी भिस्त ठेवू नये. अमेरिकेत लुई टर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९२१ साली बुद्धिमान मुलांचा मोठा अभ्यास आरंभिला, व त्यासाठी चाचण्या घेऊन मुले निवडली. त्या निवडीत न बसलेल्या दोघा मुलांस, विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ यांस, पुढे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता एका घराचे उदाहरण सांगतो. कै. जयंत विष्णु नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरास झाला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, आणि मातोश्री सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी. जयंतराव वाढले काशीस. घरातील भिंतीवर मुलांना मनसोक्त लिहिता यावे म्हणून वडिलांनी फळे करून दिले होते. त्या घरी त्यांचे मामा मोरेश्वर हुजुरबाजार हे गणिताच्या उच्च शिक्षणासाठी येऊन राहिले. भाच्याची गणिताची आवड पाहून मामांनी एक क्रम सुरू केला. ते फळ्यावर एखादे अवघड गणित किंवा कोडे लिहून ठेवीत, आणि ते खास भाच्यासाठी दिलेले आव्हान आहे अशी वर नोंद करीत. ते गणित सुटेपर्यंत, किंवा भाच्याने हार मानून उत्तर विचारीपर्यंत, तसेच फळ्यावर राही.

या साध्या गोष्टीत किती शहाणपण आहे ते पाहा. गणित पाठ्यपुस्तकाबाहेरचे असे. म्हणजे ठरीव रीत उपयोगी पडत नसे. ते येताजाता दृष्टीस पडे. म्हणजे जेवताखेळताना देखील डोक्यात घोळत राही. न सुटल्यास शिक्षा नाही, सुटल्यास बक्षीस नाही. आव्हान पेलल्याचा आनंद हीच कमाई. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मामा उत्तर सांगण्याची घाई करीत नसत. हुशार मुलास शाळेत बहुधा सर्व काही चटकन येते. म्हणून अडणे म्हणजे काय, आणि अडल्यावर चिकटून कसे राहावे, हे त्यास शिकावयास मिळतच नाही. पुढे एकदम कठीण विषयाशी गाठ पडली, की ते खचते. मामांच्या फळ्याने भाच्यास ही अडण्याची सवय लहानपणीच लावली. हा भाचा १९५९ साली केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिला आला, विश्वरचनाशास्त्रात जगन्मान्य झाला, आणि १९८८ साली पुण्यास स्थापन झालेल्या आयुका या संस्थेचा संस्थापक संचालक झाला. २० मे २०२५ रोजी ते निवर्तले. हे सारे फळ्यामुळे घडले असे मी म्हणणार नाही. पण त्या फळ्याचा त्यात वाटा नाही असेही कोण म्हणेल?

यावर कोणी म्हणेल, 'ते घर विद्वानांचे. आमच्या घरी गणिताचा मामा कोठून आणावा?' आक्षेप रास्त आहे. परंतु मामांच्या कृतीतील विद्वत्ता वजा केली तरी बरेच शिल्लक राहते. प्रश्न घालणे, तो जिवंत ठेवणे आणि वाट पाहणे, या गोष्टींस पदवी लागत नाही. गगनबावड्यास तर प्रश्न आकाशातूनच पडतात. येथे वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. कोल्हापूर शहरात त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. अंतर पंचावन्न किलोमीटर आणि पावसात एवढा फरक का? समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे सह्याद्रीच्या कड्यास अडून वर चढतात, वर निवतात, आणि त्यांतील पाणी माथ्यावरच गळून पडते. पूर्वेकडे उतरताना ते रिते झालेले असतात. हे उत्तर मुलास आजच सांगू नये. सरळ उभ्या कडांचा एक डबा अंगणात ठेवावा, रोज सकाळी त्यातील पाणी पट्टीने मोजावे, भिंतीवर कोळशाने आकडा लिहावा, आणि कोल्हापुराचा आकडा वर्तमानपत्रातून शेजारी मांडावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी, एवढेच त्यास सांगावे. दहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद घरावर एका दिवसात दोनशे मिलिमीटर पाऊस झाला, तर पागोळ्यांवाटे बारा हजार लिटर पाणी वाहून जाते, हे ते स्वतःच काढील. मग विचारावे: छप्पर उतरते आहे, म्हणून त्याचे क्षेत्र खालच्या जमिनीहून अधिक भरते, तर पाणीही अधिक मिळेल काय? हा प्रश्न भिंतीवर आठवडाभर राहिला तरी चालेल. विचारणाऱ्या आजीस उत्तर ठाऊक नसले तरी बिघडत नाही. उलट 'मला ठाऊक नाही, तू शोध आणि मला सांग' हे तिचे शब्द मुलास फार मोलाचे वाटतील.

प्रदर्शनाविषयी मी आरंभी बोललो. त्याचे उदाहरण आपल्या सीमाभागातलेच आहे. बेळगावजवळील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकली, म्हणजे पुढील काळातील कुमार गंधर्व, बालवयातच नामांकित गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब तशा गाऊन दाखवीत. वडील स्वतः गाणारे. त्यांनी मुलाचे जलसे गावोगाव केले, आणि टाळ्यांस तोटा नव्हता. परंतु नक्कल कितीही अचूक झाली तरी ती दुसऱ्याचीच. मुंबईस प्रा. बा. र. देवधर यांच्याकडे शिक्षण सुरू झाल्यावर गाण्यामागील विचार त्यांस मिळाला, आणि पुढे त्यांची स्वतःची गायकी घडली. मुलास गुरूच्या स्वाधीन करणे हे त्या घराचे खरे साहाय्य होय. जलशांपेक्षा त्याचे मोल मला अधिक वाटते.

मुलींविषयी निराळे बोलणे प्राप्त आहे. बुद्धीचे दान देताना निसर्ग मुलगा-मुलगी पाहत नाही. वेळेचे दान देताना मात्र घर पाहते. भाऊ पुस्तक घेऊन बसतो, आणि तितकीच हुशार बहीण धाकट्याला कडेवर घेऊन चुलीपाशी असते. कमलाबाई सोहोनी, माहेरच्या भागवत, यांचे वडील आणि चुलते दोघेही रसायनशास्त्र शिकलेले. मुलीने तेच शिकावे यात त्या घरास वावगे वाटले नाही. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्यांस मुलगी म्हणून प्रथम प्रवेश नाकारला, आणि १९३३ साली अटी घालून दिला. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. दाराशी नकार मिळाल्यावर मुलगी उभी राहू शकते, ती बहुधा घराने तिला आधी उभी केलेली असते म्हणून. संध्याकाळचा एक तास घरकामातून मोकळा करून देणे, इतकेही पुष्कळ घरांत आजवर झालेले नाही.

शेवटी एक व्यावहारिक गोष्ट. कोल्हापूर जिल्ह्यासाठी कागल येथे जवाहर नवोदय विद्यालय आहे. पाचवीतील मुलांची परीक्षा घेऊन तेथे सहावीत प्रवेश देतात. निदान पाऊणशे टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, आणि राहण्याजेवण्यासह शिक्षण विनामूल्य असते. पाचवीच्या आरंभीच शिक्षकांकडे चौकशी करावी. निवड झाली नाही, तर मुलाच्या बुद्धीवर शिक्का बसला असे समजू नये. शॉकली आणि अल्वारेझ यांची गोष्ट आपण ऐकलीच आहे. निवड झाली, तर दहा-अकरा वर्षांचे मूल प्रथमच घराबाहेर राहणार आहे, हे ध्यानात ठेवावे. ते सुटीत परत आले, की पहिल्याच दिवशी गुण विचारू नयेत. तेथे काय नवे पाहिले, कोणते कोडे अजून सुटले नाही, हे विचारावे, आणि भिंतीवरचे पावसाचे आकडे तोवर पुसू नयेत.