‘कूल’ राहायचंय? मग गाडीचा ताप मोजा!

‘अगं पण काटा तर खालीच आहे!’

गेल्या मे महिन्यात, एका रविवारी दुपारी, कार्लेखिंडीच्या ट्रॅफिकमध्ये मी हे वाक्य किमान चार वेळा म्हटलं. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. शेजारच्या सीटवर माझी ऐंशी वर्षांची आजी पदराने वारा घेत होती. आणि डॅशबोर्डवरचा टेम्परेचरचा काटा मात्र ‘सी’च्या आसपास, एकदम थंडगार! सोमवारी सकाळी मुंबईत आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. मांडव्याच्या रो-रोची त्या दिवसाची गाडीची तिकिटं संपलेली, म्हणून तिला रेवदंड्याहून रस्त्याने घेऊन निघाले होते. आजीला एसी सोसत नाही, त्यामुळे एसी बंद आणि काचा खाली. (हा एसीचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

आजीने काट्याकडे पाहिलं, मग वाफेकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘थर्मामीटर बिघडला म्हणून पोराला ताप नाही म्हणायचं का गो?’

आजीचं निदान शंभर टक्के बरोबर होतं, हे मला पंधरा दिवसांनी कळलं.

एवढासा सेन्सर, पण...

मी काही ‘ऑटो एक्स्पर्ट’ नाही. सेकंडहॅण्ड पेट्रोल हॅचबॅक, दर दोन आठवड्यांनी रेवदंड्याला आजोळी चक्कर आणि पेट्रोलच्या बिलाचं टेन्शन, एवढंच माझं क्वालिफिकेशन. पण त्या दुपारनंतर मी गाडीतल्या एका बोटभर वस्तूच्या मागे हात धुऊन लागले. तिचं नाव कूलंट टेम्परेचर सेन्सर.

इंजिनाभोवती फिरणाऱ्या कूलंटमध्ये हा सेन्सर बुडवून बसवलेला असतो. आत असतो एक थर्मिस्टर. कूलंट थंड असताना तो विजेला जास्त विरोध करतो आणि गरम झालं की कमी. साधारण २० अंशांना अडीच हजार ओहम, ९० अंशांना जेमतेम अडीचशे. या आकड्यावरून गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, इंजिन किती तापलंय ते ओळखतो. त्याला दुसरं काही दिसत नाही, की हात लावून बघता येत नाही. सेन्सर सांगेल ती पूर्व दिशा!

आणि या एका आकड्यावर किती गोष्टी अवलंबून! पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, गाडी उभी असताना इंजिन किती वेगाने फिरवायचं आणि रेडिएटरचा फॅन कधी लावायचा, सगळं यावर ठरतं.

चोक आठवतोय?

आपल्या बाबांच्या पिढीला विचारा. प्रीमिअर पद्मिनी किंवा चेतक स्कूटर थंडीत सकाळी सुरू करताना ते चोक ओढायचे. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून मिश्रणात पेट्रोल जास्त लागतं. इंजिन गरम झालं की चोक परत आत ढकलायचा. आता चोक ओढण्याचं काम ईसीयू करतो, सेन्सरला विचारून. गरम इंजिनात तो साधारण १ ग्रॅम पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा हे प्रमाण सांभाळतो.

आता कल्पना करा, इंजिन ९० अंशांवर आहे आणि सेन्सर सांगतोय ४०. म्हणजे कोणीतरी चोक ओढलाय आणि पनवेलपासून काशीदपर्यंत तसाच ठेवलाय! माझं नेमकं हेच चाललं होतं. लिटरला १६ किलोमीटर देणारी गाडी ११ वर आली होती. सायलेन्सरमधून काळपट धूर. वडखळला चहा पिऊन आल्यावर गाडी सुरूच व्हायची नाही, कारण गरम इंजिनात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ओतलं जायचं. मी दोष दिला पेट्रोलला, खड्ड्यांना, स्वतःच्या ड्रायव्हिंगला! असं महिनोन् महिने चाललं तर प्लग काळे पडतात, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. त्याचं बिल पाहिलं की वीकेण्डच काय, अख्खा महिना वाया.

याच्या उलटही होतं. सेन्सर नेहमीच ‘गरम’ सांगत राहिला, तर सकाळी थंड इंजिनाला लागणारं जास्तीचं पेट्रोल मिळत नाही आणि आपण ऑफिसला उशीर होत असताना चावी फिरवत बसतो.

मग वाफ का आली?

ईसीयूला वाटत होतं, इंजिन ४० अंशांवर आहे. मग फॅन कशाला लावेल तो? रेवदंडा ते अलिबाग गाडी पळत होती, समोरून येणारा वारा रेडिएटर थंड करत होता. पण कार्लेखिंडीत गाड्यांची रांग लागली आणि वारा थांबला. बहुतेक गाड्यांत एसी लावला की फॅनही फिरतो. आमचा एसी तर बंद! आणि माझ्या गाडीत काट्यालाही माहिती त्याच सेन्सरकडून मिळते. त्यामुळे काटा निवांत, इंजिन मात्र तापलेलं.

गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आणि मी फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले. तेवढ्यात मागून एक मिनीडोरवाले दादा ओरडले, ‘ओ ताई, झाकणाला हात लावू नका!’ त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. झाकणामुळे आत दाब असतो, म्हणून शंभरच्या वरही पाणी उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि त्याच क्षणी उकळतं पाणी, वाफ उसळून तोंडावर येते. पाऊण तास थांबलो. आजीने डब्यातले आंबोळ्यांचे तुकडे मिनीडोरवाल्या दादांनाही खिलवले.

‘फॅन डायरेक्ट’चा जुगाड

जवळच्या गॅरेजमधून एक जण आला. त्याने पाहिलं, फॅन फिरत नाही. म्हणाला, ‘मॅडम, फॅन डायरेक्ट करून देतो, पाचशे रुपये.’ म्हणजे ईसीयूला बाजूला ठेवून फॅनची वायर थेट जोडायची. चावी फिरवली की फॅन चालू. तो पर्याय मी घेतला, खोटं कशाला बोलू? आजी रात्री सुखरूप पोचली, सोमवारी ऑपरेशनही झालं.

पण मायलेज? ११ ते ११च. धूर तसाच. फॅन फिरायला लागला होता, पण ईसीयूच्या मते इंजिन अजूनही गारठलेलंच होतं. जुगाडाने फक्त वाफ गेली, दुखणं तिथेच राहिलं. काही जण याच्याही पुढे जाऊन थर्मोस्टॅट काढून टाकतात. मग इंजिन खरोखरच नीट गरम होत नाही आणि ईसीयू पेट्रोल ओततच राहतो.

पंधरा दिवसांनी अलिबागच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने स्कॅनर लावला. स्क्रीनवर ४१ अंश. बाहेरून थर्मामीटर धरला तर ९०! मग त्याने प्लग काढून सेन्सर मल्टिमीटरवर तपासला, तर सेन्सर ठणठणीत. दोष निघाला प्लगच्या पिनेत. पिनेवर हिरवट थर चढला होता. खारा वारा! आजोळच्या अंगणात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गाडी रात्र-रात्र उघड्यावर उभी असते ना.

गंमत बघा. गंजामुळे वाढले सुमारे नऊशे ओहम. सकाळी थंड इंजिनात मुळातच हजार-दोन हजार ओहम असतात, त्यामुळे चूक होते दहाएक अंशांची, कळतही नाही. पण गरम इंजिनात अडीचशेचे साडेअकराशे होतात आणि चूक जाते पन्नास अंशांवर! वायर साफ तुटली असती तर ईसीयूला उणे ४० अंश दिसले असते. अलिबागमध्ये उणे ४०? बहुतेक गाड्यांत अशा वेळी ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो आणि फॅन आपोआप चालू राहतो. पण ४१ हा आकडा पटण्यासारखा होता, म्हणून माझा ईसीयू गप्प बसला. सरळ खोटं पकडलं जातं हो, थोडंसं खोटंच महागात पडतं.

नवा प्लग, नव्या वायरी, फॅन पुन्हा ईसीयूच्या ताब्यात. बिल ४५० रुपये. वाफ तशीच येऊ दिली असती आणि इंजिनाचं हेड वाकलं असतं, तर हा आकडा पाच अंकी झाला असता.

निघण्याआधी एवढं बघाच!

- मायलेज अचानक घटलं, पेट्रोलचा वास किंवा काळा धूर आला, गरम गाडी सुरू व्हायला त्रास देऊ लागली, तर सेन्सर आणि त्याचा प्लग दोन्ही तपासून घ्या.
- गाडी थंड असताना कूलंटची पातळी बघा. पातळी फार उतरली तर सेन्सर वाफेत लटकतो आणि काटा चुकीचं सांगू शकतो.
- पंधरा-वीस मिनिटं चालवूनही काटा वर येत नसेल, तर खूश होऊ नका, संशय घ्या. अनेक छोट्या गाड्यांत काटाच नसतो. तिथे थंडीचा निळा दिवा विझतो का ते बघा.
- ट्रॅफिकमध्ये गाडी तापली आणि लगेच थांबता येत नसेल, तर एसी बंद करून हीटर फुल्ल लावा. घाम निघेल, पण इंजिनाची उष्णता बाहेर पडेल. जागा मिळताच थांबा आणि झाकणाला हात लावू नका.
- काशीद, दिवेआगरच्या वाळूत गाडी घालून फोटो काढायचा मोह आवरा. खारं पाणी वायरिंगमध्ये शिरलं की महिन्यांनी हिशेब मागतं.
- ‘डायरेक्ट करून देतो’ हे घरी पोचण्यापुरतं ठीक. पोचल्यावर मूळ दुखणं शोधा.

परवा आजीला रेवदंड्याला परत सोडायला गेले. नव्या डोळ्यांनी तिने आधी डॅशबोर्ड पाहिला. काटा बरोब्बर मध्यावर. तरी अलिबागला उतरल्यावर तिने बॉनेटला हात लावून बघितलाच! मग काय, पुढच्या वीकेण्डला निघण्याआधी तुम्हीही बघताय ना?