विश्लेषण : तुरुंगात जाऊनही पडद्यावर नाव कायम… हॉलीवूडची ‘काळी यादी’ मुंबईत का चालली नाही?

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत कम्युनिस्ट असल्याच्या कारणावरून अभिनेते बलराज साहनी आणि गीतकार मजरूह सुलतानपुरी यांना तुरुंगात जावे लागले. त्याच काळात अमेरिकेतही चित्रपट लेखक-दिग्दर्शकांना त्याच कारणावरून तुरुंगवास झाला. दोन्हीकडे सरकारला भीती एकाच गोष्टीची होती. मात्र, सुटकेनंतर हॉलीवूडच्या लेखकांना टोपणनावाने लिहावे लागले. मुंबईत साहनी आणि मजरूह यांची नावे पडद्यावर झळकत राहिली. हा फरक का पडला? आणि इथे याची खरी किंमत कुणी मोजली?

हॉलीवूडमध्ये नेमके काय घडले?

ऑक्टोबर १९४७ मध्ये अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीने हॉलीवूडमधील मंडळींना साक्षीसाठी बोलावले. तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात का किंवा कधी होता का, हा मुख्य प्रश्न होता. दहा जणांनी उत्तर देण्यास नकार दिला. ‘हॉलीवूड टेन’ म्हणून ते ओळखले जातात. संसदेचा अवमान केल्याबद्दल त्यांना तुरुंगवास झाला. पटकथाकार डाल्टन ट्रम्बो हे त्यांपैकी एक.

पण खरा घाव घातला तो चित्रपट कंपन्यांनी. नोव्हेंबर १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात बड्या कंपन्यांचे प्रमुख जमले आणि या दहा जणांना काम न देण्याची घोषणा केली. पुढे ही यादी वाढत गेली. १९५० मध्ये ‘रेड चॅनल्स’ नावाची पुस्तिका निघाली. तिच्यात रेडिओ, टीव्ही आणि रंगभूमीशी संबंधित १५१ जणांची नावे होती. यादीत नाव येण्यासाठी गुन्हा सिद्ध व्हावा लागत नव्हता. नाव काढून घ्यायचे तर सहसा एकच मार्ग होता : समितीपुढे जाऊन इतरांची नावे सांगायची. दहापैकी एक, दिग्दर्शक एडवर्ड दिमित्रिक यांनी १९५१ मध्ये तेच केले आणि त्यांना पुन्हा काम मिळाले.

ट्रम्बो दुसऱ्यांच्या नावावर लिहीत राहिले. ‘रोमन हॉलिडे’च्या कथेचे ऑस्कर त्यांच्या मित्राच्या नावाने जाहीर झाले. १९५७ मध्ये ‘रॉबर्ट रिच’ या लेखकाला ऑस्कर मिळाले, पण त्या नावामागचे खरे लेखक ट्रम्बोच होते.

भारतात सरकारला भीती कशाची होती?

इथली भीती निव्वळ कल्पनेतली नव्हती. १९४८ च्या कलकत्ता अधिवेशनात मराठी नेते बी. टी. रणदिवे कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झाले आणि पक्षाने सशस्त्र उठावाची भूमिका घेतली. तेव्हा पडेगावसह आपला सगळा औरंगाबाद जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. त्याच संस्थानाच्या तेलंगण भागात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा सुरू होता. सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईने निजामाची राजवट संपली, पण हा लढा थांबला नाही. तो मागे घेतला गेला ऑक्टोबर १९५१ मध्ये.

मुंबई प्रांतात गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. तिथे कम्युनिस्ट कार्यकर्त्यांची धरपकड झाली. तिच्या तडाख्यात कलावंतही सापडले, कारण १९४३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली ‘इप्टा’ ही नाट्यसंस्था पक्षाच्या जवळची मानली जात होती आणि चित्रपटसृष्टीतील अनेक जण तिच्याशी जोडलेले होते.

साहनी आणि मजरूह यांचे काय झाले?

साहनींना अटक झाली तेव्हा के. आसिफ यांच्या ‘हलचल’मध्ये ते काम करत होते. निर्मात्याने त्यांना काढले नाही. उलट चित्रीकरणासाठी सरकारची परवानगी मिळवली. पोलिस त्यांना तुरुंगातून सेटवर आणत आणि काम संपले की परत नेत. गंमत म्हणजे चित्रपटात त्यांची भूमिका जेलरची होती! सुटकेनंतर त्यांनी गुरुदत्त यांच्या ‘बाजी’साठी (१९५१) लेखन केले, तेही स्वतःच्या नावाने. १९५३ मध्ये बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला आणि साहनी देशभर पोहोचले.

मजरूह यांच्यावर ठपका होता तो पंतप्रधान नेहरूंवर टीका करणाऱ्या कवितेचा. माफी मागायला त्यांनी नकार दिला आणि सुमारे दोन वर्षे तुरुंगात काढली. या काळात राज कपूर यांनी एका गाण्यासाठी त्यांना एक हजार रुपये दिल्याचे सांगितले जाते. सुटकेनंतर त्यांनी ‘आर पार’, ‘सीआयडी’ची गाणी लिहिली. दादासाहेब फाळके पुरस्कार मिळवणारे ते पहिले गीतकार ठरले.

मुंबईत काळी यादी का चालली नाही?

पहिले कारण धंद्याच्या रचनेचे. हॉलीवूड मोजक्या बड्या कंपन्यांच्या हातात होते. त्यांनी एकत्र बसून ठरवले की दार बंद. मुंबईत मात्र तोवर जुन्या स्टुडिओंची सद्दी संपत आली होती आणि स्वतंत्र निर्मात्यांची गर्दी झाली होती. एकाने नाही म्हटले तर दुसरा होताच.

दुसरे कारण माणसांचे. के. ए. अब्बास, चेतन आनंद, सलील चौधरी अशी ‘इप्टा’शी नाते असलेली मंडळी कॅमेऱ्यामागे महत्त्वाच्या जागी होती. मेहबूब खान कम्युनिस्ट पक्षाचे सभासद नसूनही त्यांच्या कंपनीच्या बोधचिन्हात विळा-हातोडा होता. ज्या वर्षी धरपकड चालू होती, त्याच १९४९ मध्ये त्यांचा ‘अंदाज’ गाजला. त्याची गाणी मजरूह यांचीच होती.

मग किंमत कुणी मोजली?

ज्यांना निर्मात्याचा आधार नव्हता त्यांनी. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे ‘लाल बावटा कलापथक’ गिरणगावात आणि गावोगावी कार्यक्रम करत असे. शाहिराचा कार्यक्रम उघड्यावर होतो आणि त्याला पोलिसांची परवानगी लागते. ती नाकारली की रोजगारही गेला आणि श्रोतेही गेले. पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आली. तमाशावरही निर्बंध आले, तेव्हा अण्णा भाऊंनी त्याला लोकनाट्याचे रूप दिले.

याच कामासाठी इंग्रजांनी १८७६ मध्ये केलेला नाट्यप्रयोग कायदाही सरकारच्या हाताशी होता. तो पुस्तकातून पूर्णपणे पुसला गेला २०१८ मध्ये.

यातून काय दिसते?

बंदी आणि काळी यादी यांत मोठा फरक आहे. बंदीचा कागद असतो, त्याच्यावर सही असते, म्हणून न्यायालयात जाता येते. मुंबईतून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या डाव्या साप्ताहिकावर मद्रास सरकारने बंदी घातली, तेव्हा संपादक रोमेश थापर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मे १९५० मध्ये जिंकले. काळ्या यादीला असा कागदच नसतो. फोन येणे थांबते, भूमिका दुसऱ्याला जाते आणि कारण कुणी सांगत नाही. ती चालवायला पोलिस लागत नाहीत. काम देणारे घाबरले की पुरे.

१९६० मध्ये ‘स्पार्टाकस’ आणि ‘एक्सोडस’वर ट्रम्बो यांचे नाव उघडपणे आले आणि यादीची पकड सुटू लागली. तीही कायदा बदलल्यामुळे नव्हे, तर नाव छापायची हिंमत केलेल्यांमुळे. ‘रोमन हॉलिडे’च्या लेखनाचे पूर्ण श्रेय ट्रम्बोंना मिळायला मात्र २०११ उजाडले. तोवर त्यांच्या निधनाला ३५ वर्षे झाली होती.